५५ फूट ७ इंच म्हणजे किती फूट?

पावसाळा लागला की कोल्हापुरात दिवस सुरू होतो तो राजाराम बंधाऱ्यापासून. पंचगंगा किती फूट किती इंचांवर आहे, किती बंधारे पाण्याखाली गेले, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे सगळं चहाच्या आधी मोबाइलवर येऊन पडलेलं असतं. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. ४३ च्या वर पाणी गेलं की शाळेला सुट्टी पडण्याची आशा, हेही त्यामागचं एक कारण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५५ फूट ७ इंचांवर गेली, तेव्हा आमच्या सातवीतली मुलं शाळेत नुकतीच जायला लागली होती. प्रयाग चिखली, आंबेवाडी या बाजूच्या मुलांनी ते दिवस पाहुण्यांच्या घरी नाहीतर छावणीत काढले. तो आकडा त्यांना वेगळा शिकवावा लागत नाही.

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी दशांश अपूर्णांक शिकवायला नेमका तोच आकडा उचलला.

मी मराठी शिकवतो. गणिताशी माझा संबंध पगाराच्या पावतीपुरता. तरी तास मोकळा असला की मी बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायला लागलो. त्याला कारण शिक्षकखोलीतली एक चकमक. ‘व्हिडिओ दाखवून पोरं शिकली असती तर सरकारनं आपल्याला कधीच घरी बसवलं असतं,’ असं एक ज्येष्ठ सर म्हणाले. वह्या तपासता तपासता, मान वरही न करता बाई म्हणाल्या, ‘मी दाखवत नाही सर, थांबवते.’ त्या नेमकं काय थांबवतात, ते मला बघायचं होतं.

त्यांचा व्हिडिओ चार-साडेचार मिनिटांचा असतो, मुलांनी तो घरी मोबाइलवर पाहायचा. मोबाइल उंचावर टेकवलेला, खाली कागद, आवाज त्यांचाच, आणि मागून मधूनच कुकरची शिट्टी. नदीच्या पातळीची पट्टी कागदावर काढलेली. दीड मिनिट झालं की चित्र थांबतं आणि पडद्यावर प्रश्न उमटतो: ५५ फूट ७ इंच म्हणजे किती फूट? पर्याय चार. ५५.७, ५५.०७, ५५.५ आणि ५५.५८. उत्तर दिल्याशिवाय व्हिडिओ पुढे जात नाही, बोटानं ढकलून पळवताही येत नाही. कुणी काय उत्तर दिलं, कुठला भाग कितीदा मागे नेऊन पाहिला, हे शिक्षकाला आपल्या मोबाइलवर दिसतं. बार्सिलोनात सुरू झालेलं एडपझल किंवा नॉर्वेतून आलेलं एचफाइव्हपी यांसारख्या साधनांनी हे जमतं. व्हिडिओ आपला असो वा यूट्यूबवरचा, हव्या त्या क्षणी प्रश्न बसवता येतो.

मला आधी वाटलं होतं की हा चाचणी परीक्षेचाच नवा अवतार. बाईंचं लक्ष मात्र किती जणांचं बरोबर आलं याच्याकडे नव्हतंच. त्या चुकलेल्यांची वर्गवारी करत होत्या. ५५.७ म्हणणाऱ्या मुलानं फुटाचे दहा भाग धरलेत. ५५.०७ म्हणणारा रुपये-पैशांवरून दशांश शिकलाय. ५५ रुपये ७ पैसे म्हणजे ५५.०७, हे त्याचं अगदी बरोबर आहे, फक्त फुटात शंभर इंच नसतात. ५५.५ म्हणणाऱ्याला सहा इंच म्हणजे अर्धा फूट हे पक्कं माहीत आहे, पुढचा एक इंच त्यानं सोडून दिला. आणि ५५.५८ वर आलेल्यानं सातला बारानं भागलंय, किंवा शेजाऱ्याकडे बघितलंय.

चुकीचे तिन्ही पर्याय बाईंनी विचार करून ठेवलेले असतात. एकेका पर्यायामागे समजुतीतला एकेक घोटाळा दबा धरून बसलेला. असे पर्याय रचायला व्हिडिओ काढण्यापेक्षा जास्त वेळ जातो, असं त्या सांगतात. तीस वर्षं मी फळ्यापुढे उभा राहून ‘समजलं का?’ विचारत आलो, आणि वर्गानं एका सुरात ‘हो सर’ म्हटलं की पान उलटत आलो. गावोगावी हेच चालतं. त्या एका सुरात तिन्ही प्रकारचे गोंधळ सुखानं नांदत असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी वर्ग चार ठिकाणी बसवला. ५५.७ वाल्यांच्या हातात फूटपट्टी दिली आणि एका फुटात इंचाची घरं किती ते मोजायला लावलं. रुपये-पैसेवाल्यांना शंभर आणि बारा या दोन आकड्यांशी झटायला बसवलं. अर्ध्या फुटावर थांबलेल्यांना एक इंच उरतो त्याचं काय करायचं, एवढंच विचारलं. ज्यांचं बरोबर आलं होतं, त्यांनी ते कसं आलं ते एकमेकांना सांगायचं होतं. काहींना सांगता आलं नाही. तेही बाईंनी टिपून ठेवलं.

पडद्यावरून शिकवण्याची हौस महाराष्ट्राला जुनी आहे. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि दूरदर्शनवरून तिचे कार्यक्रम घराघरांत पोचले. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी केंद्राचं दीक्षा हे व्यासपीठ आलं, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत धड्याशेजारी क्यूआर कोडचे काळे-पांढरे चौकोन दिसू लागले. ती वाट आधी चालून दाखवली होती माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, आणि दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. त्याच वर्षी, शाळा बंद असताना, ‘स्वाध्याय’ नावाची प्रश्नमालिका व्हॉट्सॲपवरून मुलांपर्यंत गेली. बालचित्रवाणीला मुलांचं ऐकू येत नव्हतं. क्यूआर कोडमुळे मूल हवं तेव्हा धडा उघडू लागलं. स्वाध्यायमध्ये ते उत्तरही देऊ लागलं, पण प्रश्न वेगळा आणि धडा वेगळा. बाईंच्या व्हिडिओत दोन्ही एकाच जागी आले.

चुकीच्या समजुतीवर बोट ठेवून आणि मध्ये थांबवून शिकवलेलं का पचतं, याची उत्तरं अभ्यासकांनी शोधली आहेत. डेरेक म्युलर यांचं नाव व्हेरिटासियम या यूट्यूब वाहिनीमुळे पुष्कळांना माहीत असतं. त्यांनी सिडनी विद्यापीठात २००८ साली पूर्ण केलेला प्रबंध याच विषयावरचा आहे. भौतिकशास्त्राचा सरळ, स्वच्छ समजावून सांगणारा व्हिडिओ पाहिलेले विद्यार्थी ‘छान, स्पष्ट होता’ म्हणाले, पण त्यांचे गुण जेमतेमच हलले. ज्या व्हिडिओत आधी लोकांची चुकीची समजूत मांडून मग ती खोडली होती, तो पाहणाऱ्यांना गोंधळल्यासारखं झालं, पण ते शिकले जास्त. २०१३ मध्ये स्पुनर, खान आणि शॅक्टर या संशोधकांनी २१ मिनिटांचं एक ऑनलाइन व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिलेल्यांचं मन कमी भरकटलं आणि त्यांच्या लक्षातही जास्त राहिलं. ऑनलाइन प्रशिक्षणाचा व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडलेल्या कुठल्याही शिक्षकाला यात नवल वाटणार नाही.

बाईंच्या वर्गात अडचण होती ती मोबाइलची. घरात एकच फोन, आणि तो वडिलांबरोबर शिरोली एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला गेलेला. रात्री अकराला फोन घरी येतो तेव्हा पोरगं झोपलेलं असतं. ज्यांच्याकडे फोन होते, त्यांच्याकडून दुसरीच गंमत कळली: एका घरची उत्तरं इतकी अचूक यायला लागली की बाईंना शंका आली. कॉलेजला जाणारी ताई शेजारी बसून बोट दाबत होती. काही मुलं प्रश्न येताच पहिला पर्याय दाबून मोकळी होत.

म्हणून बाईंनी व्हिडिओ वर्गातच आणला. शाळेच्या टीव्हीवर तो चालतो आणि प्रश्न आला की थांबतो. मुलांच्या हातात एकेक कागदी पत्ता असतो, त्यावर वेडावाकडा चौकोनी ठसा. पत्त्याची कुठली कड वर धरली त्यावरून अ, ब, क, ड ठरतं. बाई मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कुणाचं उत्तर काय ते त्यांना दिसतं. प्लिकर्स नावाचं हे साधन. मुलांकडे फोन लागत नाही आणि शेजाऱ्याला पत्ता पाहून उत्तर सहज ओळखता येत नाही. खर्च काय तो छपाईचा आणि पुठ्ठ्याचा.

माझ्या डोक्यात सगळ्यात पक्का बसला तो वेगळाच तास. पुराच्या दिवसांत लोक घाईत फूट आणि इंचांच्या मध्ये टिंब ठोकून संदेश पुढे ढकलतात. बाईंनी त्यावरच प्रश्न टाकला: सकाळी पातळी ४२.९, संध्याकाळी ४२.१०. पाणी वाढलं, उतरलं, तेवढंच राहिलं, की सांगता येत नाही? व्हिडिओ थांबला, पत्ते वर गेले, आणि वर्ग दुभंगला.

‘वाढलं की! नवापेक्षा दहा मोठं न्हवं का?’

‘पॉइंट दहा म्हंजे पॉइंट एकच की रं. उतरलं.’

‘मग काल आमच्या गल्लीत पाणी आलं ते कुठनं आलं?’

बाई एक शब्द बोलल्या नाहीत. शेजाऱ्याला पटवून द्या आणि पुन्हा पत्ते धरा, एवढंच सांगितलं. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर १९९१ पासून आपल्या वर्गात हेच करत आले: आधी मत, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा मत. दुसऱ्या फेरीत बरेच पत्ते फिरले. एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘बाई, ते टिंब फुटाचं हाय का इंचाचं ते आधी सांगा, मग सांगते.’ तिचा पत्ता ड वर होता. दशांश चिन्ह कशासाठी असतं, हे त्या वर्गाला मग नव्यानं शिकवावं लागलं नाही. बाईंनी फळ्यावर ४२ फूट ९ इंच म्हणजे ४२.७५ फूट आणि ४२ फूट १० इंच म्हणजे ४२.८३ फूट, एवढंच मांडलं. पाणी वाढलं होतं. व्हिडिओचा उरलेला भाग त्या दिवशी राहूनच गेला आणि कुणी तो मागितलाही नाही.

साधन सगळं करत नाही. पर्याय निवडल्याची नोंद ते ठेवतं, पण ‘का?’ विचारल्यावर आलेलं उत्तर माणसानंच वाचावं लागतं. मोबाइलवर मराठी टाइप करणं मुलांना जड जातं, म्हणून फोन असलेल्यांना बाई आवाजात उत्तर पाठवायला सांगतात, आणि रात्री जेवणानंतर ते बोलणं ऐकत बसतात. प्रत्येक धड्याला हे शक्य नाही, असं त्या उघड म्हणतात. जिथं पोरं दरवर्षी अडखळतात, तेवढ्याच जागा त्या निवडतात: दशांश, ऋण संख्या, क्षेत्रफळ आणि परिमितीतली गल्लत. बाकीच्यासाठी खडू पुरतो. मला ही निवडच त्यांच्या कामातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. प्रत्येक पाठाचा व्हिडिओ झालाच पाहिजे, असा आग्रह वरून आला तर ते पर्याय विचार करून कुणी रचणार नाही, आणि मग उरेल तो नुसता दाखवण्याचा कार्यक्रम.

पालकांना मात्र एक विनंती आहे. मुलाच्या हातातला धडा मध्येच थांबला आणि प्रश्न आला, तर उत्तर सांगू नका, ताईलाही सांगू देऊ नका. चुकलं तर चुकू द्या. ते चुकलेलं उत्तर बाईंना सकाळी हवं असतं.