कळसाचे दर्शन

आषाढीच्या गर्दीत ज्यांना गाभाऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही, ते वारकरी नामदेवाच्या पायरीला डोके टेकवितात, दुरूनच कळसाला हात जोडतात आणि समाधानाने परतीची वाट धरतात. त्यांची यात्रा अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. परंतु अमेरिकेत फ्लॉरिडा प्रांती डिस्ने वर्ल्ड नावाचे जे प्रख्यात क्रीडानगर आहे, तेथे पाच दिवस मुक्काम करून आमची मंडळी एकाही उद्यानात गेली नाही (एक अपवाद सोडून; तो पुढे येईलच), हे ऐकून पुण्याच्या आमच्या शेजारणीने माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले तीत कीव होती की संशय, हे मला अद्याप उमगलेले नाही.

गोष्ट 2023 सालच्या डिसेंबरातील. सासूबाई, यजमान व मी पुण्याहून गेलो. धाकटे भाऊजी, जाऊबाई व कॉलेजात शिकणारा पुतण्या ॲटलांटाहून आले. माझी मुलगी, जावई व पाच वर्षांची नात न्यू जर्सीहून आली. अशी नवांची पंगत. आखणी सर्वस्वी पुतण्याची. आजीचे वय एकोणऐंशी, पुढे योग येईल न येईल, तेव्हा सर्वांनी एकदा एकत्र राहावे, हा त्याचा हेतू त्याने आम्हां सर्वांना निरनिराळ्या फोनवर, निरनिराळ्या शब्दांत, परंतु सारख्याच आग्रहाने सांगितला होता.

उद्यानात का गेलो नाही? विचारणाऱ्यांना मी सासूबाईंचे गुडघे सांगते. ते खोटे नाही. परंतु सगळे खरेही नाही. तेथील एका दिवसाचे तिकीट दरडोई शंभर डॉलरांहून अधिक पडते. नवांचा गुणाकार वाचकांनीच करावा. भाऊजींना तो जड नव्हता. "तिकिटं मी काढतो" असे ते पहिल्याच दिवशी म्हणाले. यजमान म्हणाले, "नको. आईला उन्हातान्हात उभं राहवणार नाही." वास्तविक डिसेंबरात तेथे ऊन असे नव्हतेच. सदाशिव पेठेतील आमचा वाडा विकासकाकडे देण्यावरून दोघा भावांत तीन वर्षे बोलणे खुंटले होते. जे होई ते वकिलामार्फत, किंवा आम्हां जावांमार्फत. खोल्यांचे भाडेदेखील दोघांनी पैनपै निम्मे वाटून घेतले होते. ज्याच्याशी हिश्श्याचा वाद, त्याच्या पैशाने करमणूक करून घ्यावयाची नाही, असा यजमानांचा बाणा. आणि स्वतः सगळ्यांचा खर्च करण्याइतके निवृत्त प्राध्यापकाजवळ कोठून असणार? सासूबाईंना हे सारे ठाऊक होते. त्यांनी आपल्या गुडघ्यांवर आळ येऊ दिला आणि त्या स्वस्थ बसल्या.

आता या स्थळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्याचा विस्तार सुमारे चाळीस चौरस मैल. त्यात उद्याने चार. 1971, 1982, 1989 आणि 1998 अशी क्रमाने उघडलेली. या चोहोंनी मिळून अडविलेली जागा एकंदर मानाने लहान आहे. उरलेल्या भागात तळी, रान, वीस-पंचवीस हॉटेले, बाजार आणि हिंडण्याफिरण्याची साधने. पुढे मी जे जे सांगणार आहे, त्यातील कशालाही उद्यानाचे तिकीट लागत नाही.

आमचे बिऱ्हाड होते त्या पॉप सेंच्युरी नावाच्या हॉटेलात गेल्या शतकातील खेळणी मजले मजले उंच करून उभी केली आहेत. यो-यो म्हणजे जिन्याचा मनोरा, रुबिकचा ठोकळा म्हणजे दुसरा जिना! अभिरुचीविषयी मी बोलत नाही. नातीला ते सर्व पसंत होते. तळ्याच्या काठी स्कायलायनर म्हणून तारेवर चालणाऱ्या डब्यांचे ठाणे आहे. 2019 च्या सप्टेंबरात ही सोय सुरू झाली. डबे अखंड फिरत असतात आणि चालत्या डब्यात चढावे लागते. परंतु चाकांच्या खुर्चीत बसलेल्यांकरिता डबा बाजूला घेऊन थांबवितात. सासूबाईंना भाड्याची चाकांची खुर्ची घेतलीच होती. त्या म्हणाल्या, "दोन मुलगे असताना परक्यानं का ढकलावी? तुम्ही दोघे धरा." एका खुर्चीला दोन माणसे लागत नाहीत, हे त्यांनाही कळत होते. एकाने डावी मूठ धरली, दुसऱ्याने उजवी. खुर्ची वाकडी चालू लागली. त्या डब्यात सासूबाई, त्यांचे दोन चिरंजीव आणि मी अशी चौघेच बसलो. बाकीची मंडळी मागच्या डब्यात.

मध्यावर, खाली झाडांचे शेंडे दिसत असताना, डबा थांबला. असे तेथे अधूनमधून होते म्हणे. आम्ही अधांतरी. दोघे भाऊ समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या अंतरावर. एक डाव्या खिडकीतून पाहतो, दुसरा उजव्या. दोन मिनिटे गेली असतील. सासूबाई म्हणाल्या, "वाड्याच्या माजघरात एवढी शांतता कधी अनुभवली नव्हती हो." कोणी हसले नाही, पण कोणी रागावलेही नाही. डबा पुन्हा हलला. मध्ये एकदा डबा बदलून बोर्डवॉक या ठिकाणी गेलो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पूर्वकिनाऱ्यावर लाकडी फळ्यांचे सैरगाह असत, त्यांची ती प्रतिकृती. चांगले आहे, आम्ही कॉफी प्यायलो व परत आलो.

तिसऱ्या दिवशी टॅक्सी करून ॲनिमल किंगडम लॉज पाहिले. हॉटेलाच्या मागे माळ राखून त्यावर जिराफ, झेब्रे आणि आफ्रिकेतील अंकोले जातीच्या गाई मोकळ्या सोडल्या आहेत. मोकळ्या म्हणजे आपल्याला कुंपण दिसत नाही एवढेच. पण ते न दिसणे मोठ्या हिकमतीने साधले आहे. अंकोले गाईची शिंगे माणसाच्या हाताएवढी लांब आणि जाड. सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही शिंगं बेंदराला रंगवायला केवढी हौस वाटेल!" त्यांचे माहेर सातारा जिल्ह्यातील, तिकडे पोळ्यापेक्षा बेंदराचे कौतुक जास्त. पलीकडच्या इमारतीत साना नावाचे उपाहारगृह आहे. आफ्रिकेच्या पूर्वकिनाऱ्यावर आपल्याकडील व्यापाऱ्यांची जी पाककला गेली, तिचा वास तेथील पदार्थांना आहे. नान वगैरे पाच तऱ्हांच्या भाकऱ्या आणि त्यांबरोबर चटण्या-लोणची नऊ. खिडकीबाहेर दहा पावलांवर जिराफ पाला ओरबाडीत होता. नातीने जिराफाला मोजून नऊ चटण्या दाखविल्या. बिल आले तेव्हा दोन्ही भावांनी एकदम हात पुढे केला आणि दोघांनीही तो मागे घेतला. शेवटी ते जावयांनी दिले. जावयाकडून जेवण घेतल्याची रुखरुख यजमानांना रात्रभर लागली, ती वेगळीच.

चौथा दिवस मी विसरणार नाही. आमच्या हॉटेलाची बस थेट मॅजिक किंगडम या मुख्य उद्यानाच्या दारापाशी सोडते. बसमधील यच्चयावत माणसे उतरून प्रवेशद्वाराकडे चालू लागली. आम्ही तेवढे उजवीकडे वळलो. नातीने एक नजर त्या घोळक्याकडे टाकली, एक आमच्याकडे, आणि विचारले, "आपण आत का नाही जायचं?" मुलीने काहीतरी सांगितले. तिने पुन्हा विचारले. मग ती रडू लागली; हट्टाने नव्हे, तर मुले कधीकधी हळूच, तोंड वळवून रडतात तशी. मोठ्यांच्या मानापमानाचा हिशेब लहानांच्या नावे कसा पडतो, हे त्या दारापाशी मला फार स्पष्ट दिसले. यजमानांनाही दिसले असावे. ते चालता चालता मागे राहिले.

दहा मिनिटांच्या वाटेवर काँटेंपररी नावाचे हॉटेल आहे. त्याच्या पोटातून मोनोरेल ही एका रुळाची गाडी आरपार जाते. याच हॉटेलात 1973 च्या नोव्हेंबरात अध्यक्ष निक्सन यांनी संपादकांसमोर आपण लबाड नसल्याचे जाहीर केले होते. पुढल्या वर्षी त्यांना पद सोडावे लागले. आत मेरी ब्लेअर या चित्रकर्त्रीने रचलेले नव्वद फूट उंच फरशांचे भित्तिचित्र आहे. पुतण्याने नातीला सांगितले, "यात एक पाच पायांची बकरी आहे, शोध." डोळे पुसून ती शोधू लागली. आम्ही सगळेच शोधू लागलो. बकरी प्रथम दिसली भाऊजींना. परंतु ते बोलले नाहीत, नातीला खांद्यावर घेऊन त्या बाजूस जाऊन उभे राहिले, म्हणजे ती तिलाच सापडावी. माणसाच्या हातचे काम निर्दोष नसते म्हणून चित्रकर्त्रीने तो पाचवा पाय मुद्दाम काढला, असे सांगतात. सासूबाईंनी एका शब्दात निकाल दिला: "तीट लावलीय. एवढ्या चित्राला दृष्ट नको लागायला."

मोनोरेलने तळ्याला फेरी घातली. ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलात नाताळाकरिता आल्याच्या केकचे माणूस उभे राहील एवढे घर बांधले होते, ते पाहिले. आणि तिसऱ्या प्रहरी पुन्हा उद्यानाच्या धक्क्यावर येऊन फोर्ट वाइल्डरनेसच्या रानाकडे जाणारी नाव धरली. नाव निघाली तसा मागे सिंड्रेलाच्या वाड्याचा निळा कळस झाडांवर दिसू लागला. त्याची उंची 189 फूट आहे. सासूबाईंनी सवयीने हात जोडले, मग स्वतःशीच हसल्या.

नावेत पुतण्याने या जागेची कथा सांगितली. वॉल्ट डिस्ने धाकटा, जन्म 1901 चा. रॉय थोरला, 1893 चा. कल्पना धाकट्याच्या, पैशाची तजवीज थोरल्याची. दोघांत खटके उडत, काही काळ बोलणेही बंद असे. अशाच एका भांडणानंतर वॉल्टने रॉयला वाढदिवसाला रेड इंडियनांची समेटाची चिलीम पाठविली होती. ही जागा घेऊन झाली, आराखडे चालू झाले, आणि 1966 च्या डिसेंबरात वॉल्ट वारला. रॉय त्र्याहत्तर वर्षांचा, निवृत्तीच्या तयारीत. त्याने निवृत्ती पुढे ढकलली, पाच वर्षे खपून 1 ऑक्टोबर 1971 रोजी हे नगर उघडले आणि नुसते डिस्ने वर्ल्ड नव्हे, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड असे नाव ठेवविले, म्हणजे हे कोणाचे ते लोकांनी विसरू नये. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच रॉयही गेला.

पुतण्या हे आजीकडे पाहून सांगत होता. दोघे भाऊ पाण्याकडे पाहत होते.

फोर्ट वाइल्डरनेस म्हणजे साडेसातशे एकरांचे राखलेले रान. तेथे संध्याकाळी मोठी शेकोटी पेटवितात, गाणी म्हणतात, चिप आणि डेल नावाच्या दोन खारींची सोंगे येऊन मुलांना खेळवितात. काठीला मार्शमॅलो नावाची मऊ मिठाई खोचून जाळावर भाजण्याची चाल आहे. परंतु तीत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचा अंश असतो. तेव्हा सासूबाईंचा प्रश्नच नव्हता. मुले भाजू लागली. सासूबाईंनी आपल्या कापडी पिशवीतून सुक्या खोबऱ्याची वाटी काढली. (त्यांच्या पिशवीत काय नसते?) "हे भाजा रे. गूळही आहे."

यजमानांनी वाटी काठीला खोचून जाळावर धरली. खोबऱ्याला कड सुटली, तेल चुरचुरले, आणि तो वास पसरला. शेजारच्या बाकावरील एक गृहस्थ विचारू लागले, हे काय आहे म्हणून. कोणी उत्तर देण्यापूर्वीच भाऊजी म्हणाले, "दादा, होळीतला नारळ!"

"तुझा हात भाजला होता."

"तू ढकललंस म्हणून."

"मी ढकललं नाही. तू माझ्याआधी काढायला गेलास."

"डाग आहे अजून." भाऊजींनी मनगट पुढे केले. शेकोटीच्या उजेडात यजमानांनी चष्मा सरसावून ते पाहिले. जणू पन्नास वर्षांपूर्वीचा तो कागदपत्री पुरावाच होता. मग दोघांत त्या होळीविषयी जो वाद जुंपला, तो वाड्याच्या अंगणातून माजघरात, माजघरातून माळ्यावर गेला. तीन वर्षांत वाड्याविषयी इतके बोलणे झाले नव्हते. त्यात चौरस फुटांचा उल्लेख एकदाही आला नाही. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

रात्री तळ्याकाठी दिव्यांची तराफ्यांची मिरवणूक पाहिली. कासव, देवमासा, सागरसर्प, सारे दिव्यांचे. 1971 सालापासूनची ही रीत. परतीच्या नावेत नात भाऊजींच्या मांडीवर झोपली होती. समोर कळस उजळलेला. यजमान म्हणाले, "अरे, उद्या हिला आत घेऊन जा. तिकिटं तूच काढ."

भाऊजी काही बोलले नाहीत. त्यांनी नातीच्या पायांवर आपला कोट नीट घातला.

वाड्याच्या कागदांवर सह्या त्या रात्री झाल्या नाहीत, आजतागायत झालेल्या नाहीत. विकासक आहे, वकील आहेत, आणि दोघांचे म्हणणे आपापल्या जागी आहे. परंतु आता रविवारी सकाळी पुण्यात फोन वाजतो तो यजमानांसाठी असतो.

पाचव्या दिवशी नात, तिचा चुलत आजोबा आणि पुतण्या असे तिघे आत गेले. आम्ही काँटेंपररीत बसून मोनोरेलच्या फेऱ्या मोजल्या. सासूबाईंचा डोळा लागला. तिन्हीसांजेस मंडळी परतली. नातीच्या हातात फुगा, भाऊजींच्या चेहऱ्यावर दिवसभर रांगांत उभे राहिल्याचा थकवा. सासूबाईंनी तिला जवळ घेतले आणि विचारले, "मग, काय काय पाहिलंस आत?"

ती थोडा वेळ विचार करीत राहिली. मग म्हणाली, "पणजीआजी, आत पाच पायांची बकरी नाहीये."