शर्मिष्ठेची बाजू

खांडेकरांची 'ययाति' काल रात्री पुन्हा वाचून संपवली आणि झोप उडाली. कादंबरी १९५९ची. तिच्यासाठी पुढे १९७४चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं.

महाभारतातली मूळ कथा सगळ्यांना ठाऊक असते: शुक्राचार्यांचा शाप, अकाली म्हातारपण, पुरूने बापाला दिलेलं तारुण्य. खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांनाही बोलतं केलं. ययातीचा राग येतोच, पण त्याची भूक आपल्याच घरातली वाटते, म्हणून अंगावर काटा येतो. देवयानीचा दुखावलेला अभिमानही मला कळतो.

माझा जीव मात्र शर्मिष्ठेत अडकला. स्नानाच्या वेळी कपड्यांची अदलाबदल होते, तिचं आणि देवयानीचं, दोन मैत्रिणींचं कडाक्याचं भांडण होतं आणि त्यापायी वृषपर्व्याची ही लेक जन्मभरासाठी दासी होते. बापाचं राज्य वाचावं, देवयानीचे वडील शुक्राचार्य रागावून निघून जाऊ नयेत, म्हणून ती स्वतःला पुढे करते. कुणी तिचे आभारही मानत नाही. एवढं सोसूनही ती कडवट होत नाही, हे मला फार मोठं वाटतं. तान्ह्या पुरूला उराशी धरून ती निघते, तिथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले.

भाषा काही ठिकाणी फार अलंकारिक आहे, सुभाषितांची गर्दी होते. तरी या बाईसाठी मी ही कादंबरी पुन्हा वाचेन. आता आदिपर्वातलं ययात्युपाख्यान काढलंय. तिथे ती किती बोलते, ते बघायचंय.