फुलराणीची फेरी

बंगळूरच्या महादेवपुरा भागात आमच्याप्रमाणे नोकरीनिमित्त येऊन राहिलेली मराठी कुटुंबे आहेत. तेथील मुलांना करमणुकीची वाण नाही. मोठमोठ्या दुकानसंकुलांत विजेवरचे गरगरणारे खेळ हवे तितके. मात्र मूल आत फिरते आणि वडीलधारी माणसे कठड्याबाहेर उभी राहतात. सुटीत पुण्यास गेलो म्हणजे नातीला पर्वतीच्या पायथ्याशी पेशवे पार्कात न्यायचे, असा माझा आग्रह असतो, तो याचमुळे.

१९५६ साली येथे ‘फुलराणी’ ही चिमुकली आगगाडी सुरू झाली. नाव ऐकताच बालकवी आठवावेत! तिची गती ती काय? परंतु तिच्या डब्यात आजोबा आणि नात गुडघ्यास गुडघा लावून बसतात.

एरवी नातीचे प्रश्न इंग्रजीत येतात. त्या दिवशी शेजारच्या मुलांचे बोलणे ऐकून तिनेही मराठीत विचारले, “आजोबा, इथे वाघ कुठे राहायचा?” येथील प्राणिसंग्रहालय पुढे कात्रजला गेले. मी बोटाने पिंजऱ्यांची जागा दाखवून वाघाची गोष्ट सुरू केली. परमुलखात भाषा केवळ शिकवणीने टिकत नाही; तिलाही सवंगडी लागतात.

गोष्ट अर्ध्यावर असतानाच फेरी संपली. आम्ही पुन्हा तिकिटे काढली.