विस्कॉन्सिनमधला हरणांचा हंगाम

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरीण मारण्याचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तो उघडतो आणि सणानंतरच्या रविवारी संपतो. धनुष्यबाणाचा हंगाम त्याआधीच, सप्टेंबरच्या मध्याला सुरू झालेला असतो. पण पाच लाखांहून अधिक माणसे परवाना काढून रानात उतरतात ती या नऊ दिवसांतच. बहुतेकांची शिकार सरकारी जंगलात होत नाही. ती स्वतःच्या, नातेवाइकांच्या किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर होते.

राज्याच्या नैर्ऋत्य भागात हिमयुगातल्या हिमनद्या पोचल्या नाहीत. भोवतालचा प्रदेश बर्फाखाली घासून सपाट झाला, इथे मात्र खोल घळी, वालुकाश्माचे कडे आणि डोंगराच्या अरुंद सोंडा शिल्लक राहिल्या. सोंडेच्या माथ्यावर मका आणि सोयाबीन, उतारावर ओक आणि हिकरीची झाडी, तळाला ओढा अशी इथल्या शेतांची रचना असते. चारा, आडोसा आणि पाणी एकाच मालकाच्या हद्दीत मिळाल्यावर हरणाला दूर जाण्याचे कारण उरत नाही. प्रस्तुत लेखकाचा अनुभव अशाच एका शेतावरचा आहे. शेत परिचयातल्या एका कुटुंबाचे आहे. शुक्रवारी काम आटोपून शहरातून निघायचे आणि शनिवार-रविवार तिथे काढायचे, असा लेखकाचा शरदातला क्रम आहे.

या भागातले हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण. ते सांबर आणि चितळ यांच्या कुळातले. काळविटाची शिंगे जन्मभर टिकतात, या नराची मात्र दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. उन्हाळाभर ती मखमली कातडीखाली वाढतात. सप्टेंबरमध्ये नर ती झाडांच्या खोडांवर घासून मोकळी करतो, आणि हिवाळ्यात ती गळून पडतात. नोव्हेंबरचा पूर्वार्ध हा माजाचा काळ. दिवस लहान होऊ लागला की शरीरातले संप्रेरकांचे चक्र फिरते, त्यामुळे थंडी लवकर पडो वा उशिरा, माजाची वेळ फारशी हलत नाही. मादी सुमारे दोनशे दिवस गाभण असते आणि मे-जूनमध्ये, कोवळा पाला भरपूर असताना, विते. एरवी कमालीचा सावध असणारा नर माजाच्या दिवसांत भर दुपारी उघड्यावर मादीमागे धावताना दिसतो. नुसते प्राणी पाहण्यासाठी जायचे असेल तर वर्षातला सगळ्यांत चांगला आठवडा हाच.

हरणे मारायची कशाला, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात आधी येईल, आणि तो योग्यच आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, ती उरलेले वाचवण्यासाठी. विस्कॉन्सिनचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेली बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे १९००च्या सुमारास राज्याच्या दक्षिण भागातून हरीण जवळजवळ नाहीसे झाले होते. पुढे हंगाम आणि संख्येवर मर्यादा आल्या, रानातल्या हरणाचे मांस विकण्यावर बंदी आली, आणि हरणे परतली. पण मधल्या काळात लांडगे आणि प्यूमा संपवले गेले होते. लांडगा पुढे परतला तो मुख्यतः राज्याच्या उत्तर भागात. दक्षिणेच्या शेतीप्रदेशात मोठ्या हरणाला आवरणारा शिकारी प्राणी आजही जवळपास नाही. कोयोटी फार तर पाडसे उचलतात.

याचा परिणाम झाडीत शिरताच दिसतो. हरणे पोचतील त्या उंचीपर्यंत फांद्या साफ झालेल्या असतात. मोठे ओक पुष्कळ, पण त्यांच्याखाली ओकचे रोप शोधावे लागते. विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवणारे आल्डो लिओपोल्ड यांनी हे १९४०च्या दशकातच ओळखले होते. केवळ नर मारून कळप आटोक्यात येत नाही, माद्याही मारल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. १९४३मध्ये राज्याने तशी परवानगी दिली तेव्हा शिकाऱ्यांमध्येच मोठा संताप उसळला. लिओपोल्ड यांचे म्हणणे बरोबर होते, असे उतारावरची झाडी पाहून लेखकाचे मत झाले आहे. नराच्या शिंगांची हौस समजण्यासारखी आहे, पण जमिनीच्या दृष्टीने खरे काम मादीच्या परवान्याने होते.

वन्यजीवांवरच्या खर्चाचा मोठा भागही शिकारी उचलतात. परवान्याचे शुल्क राज्याच्या नैसर्गिक संपदा खात्याकडे जाते. शिवाय १९३७च्या एका केंद्रीय कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराची रक्कम राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळते. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याने शिकारीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय त्याला सर्वसाधारणपणे परवाना मिळत नाही. त्या वर्गात चार गोष्टी पाठ करून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. नळी नेहमी सुरक्षित दिशेला ठेवावी. समोर काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करावी. गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. यातली तिसरी गोष्ट सर्वांत अवघड असते, कारण डोळा हरणावर खिळला की पलीकडचे शेत, रस्ता, घर दिसेनासे होते. सोंडेच्या कडेवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या हरणावर गोळी झाडायची नाही, हा त्या शेतावरचा न मोडणारा नियम आहे. गोळी चुकली तर ती मातीत जिरली पाहिजे.

बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी कपडे सक्तीचे आहेत. २०१६पासून भडक गुलाबीही चालतो. माणसाच्या डोळ्याला हा रंग अर्ध्या मैलावरून खुपतो. हरणाच्या डोळ्यात मात्र लाल-नारिंगी रंग वेगळा ओळखणाऱ्या पेशी नसतात. त्याला निळा रंग चांगला दिसतो आणि हालचाल तर फारच चांगली. म्हणून नारिंगी जाकिटातला माणूस स्थिर बसला तर हरणाला खपतो आणि हिरव्या कपड्यातला चुळबुळ्या माणूस खपत नाही.

शिकारीची तयारी ऑक्टोबरमध्ये सुरू होते, आणि ती म्हणजे माग वाचणे. पायवाटेच्या कडेच्या कोवळ्या झाडांची साल गुडघ्याच्या उंचीवर सोललेली दिसली तर तिथे नराने शिंगे घासली आहेत. खाली झुकलेल्या फांदीखालची पाने बाजूला सारून खुरांनी उकरलेली ताजी माती दिसली तर ती त्याची निरोप ठेवण्याची जागा. तिथे तो मुततो आणि वरच्या फांदीला चेहऱ्यावरच्या ग्रंथींचा वास लावतो. झोपण्याच्या जागा सोंडेच्या टोकाशी, माथ्यापासून थोड्या खाली असतात: दबलेले गवत, अंडाकृती खळगे. तिथून पाठीमागचा वारा नाकाला कळतो आणि समोरचा उतार डोळ्यांना दिसतो. हे सगळे वाचायला शिकवले ते शेताच्या म्हाताऱ्या मालकाने. त्याची शिकवण्याची रीत एकच होती: बोट दाखवायचे आणि गप्प राहायचे.

ओकच्या फळांकडेही लक्ष द्यावे लागते. पांढऱ्या ओकच्या फळांत तुरटपणा कमी असतो आणि ती एकाच वर्षात पिकतात, तर लाल ओकची फळे दोन वर्षे घेतात आणि अधिक कडू लागतात. पांढऱ्या ओकचा बहार चांगला आला की हरणे मक्याचे शेत सोडून त्या झाडांखाली येतात. त्या वर्षी शेताच्या बांधावर बसण्यात अर्थ नसतो.

मचाण बहुधा शिडीचे असते, झाडाच्या खोडाला पट्ट्यांनी आवळलेले, पंधरा-वीस फूट उंच. त्यावरून पडून होणाऱ्या दुखापती बंदुकीच्या अपघातांपेक्षा कमी गंभीर समजू नयेत. पाठीचा कणा मोडून लोक जन्माचे अधू झाले आहेत. जमिनीवरून पाऊल उचलल्यापासून परत टेकेपर्यंत अंगावर पट्टा हवाच. बंदूक खांद्याला अडकवून शिडी चढायची नसते. ती रिकामी करून खाली ठेवायची आणि वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायची. मचाणाची जागा वारा ठरवतो. पहाटे थंड हवा घळीत उतरते, ऊन चढले की उताराने वर सरकते. म्हणजे एकाच जागी बसलेल्या माणसाचा वास सकाळी सहाला एकीकडे आणि दहाला दुसरीकडे जातो. हे ध्यानात न घेता बसणाऱ्याला हरीण दिसत नाही, फक्त त्याचे फुत्कारणे ऐकू येते.

मेळघाट किंवा ताडोबात बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राणिगणनेसाठी पाणवठ्यावरच्या मचाणावर बसलेल्यांना या बसण्याची जात ओळखीची वाटेल. फरक थंडीचा. नोव्हेंबरात पारा शून्याच्या बराच खाली जातो, आणि तासाभरात पायांची बोटे बधिर होतात. लोकरीचे दोन थर, बोटे मोकळी करता येतील असे हातमोजे आणि बुडाखाली जाड फोमची गादी यांवाचून कोणी चार तास स्थिर बसू शकत नाही.

या चार तासांतला बहुतेक वेळ हरणावाचून जातो, आणि लेखकाच्या मते शिकारीचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. अंधार असताना पट्टेदार घुबडाचा घुमणारा आवाज येतो. उजाडू लागले की काळ्या टोपीचे चिकडी पक्षी हातभर अंतरावर येतात, कधी बंदुकीच्या नळीवरही बसतात. निळे जे पक्षी ओकची फळे घशात भरून नेतात आणि मातीत पुरतात. त्यातली विसरलेली फळे रुजतात, म्हणून डोंगराच्या चढावर ओक पसरण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्यांना जाते. वाळक्या पानांत करड्या खारीचा आवाज हरणाएवढा मोठा होतो, आणि नवखा माणूस प्रत्येक खारीला दचकतो. सराव झाल्यावर कळते की खार अडखळत, थांबत, उड्या घेत चालते; हरणाची पावले सावकाश आणि जोखून पडतात. रानटर्की ओळीने ओढ्याकडे उतरतात. उशिरापर्यंत रेंगाळलेले सँडहिल क्रौंच दक्षिणेकडे जाताना दिसतात. त्यांचा खडखडाटी आवाज पक्षी नजरेस पडण्याआधी मैलभरावरून ऐकू येतो. १९३०च्या दशकात हे क्रौंच विस्कॉन्सिनमध्ये अगदी थोडे उरले होते. आज ते हजारोंनी दिसतात, आणि शिकार व पाणथळ जागा यांवर नियंत्रण आणल्याचा तो सरळ परिणाम आहे.

हरीण येते तेव्हा बहुधा आधी कानाचा हलता तुकडा दिसतो, मग पायाची उभी रेघ. मादी थांबते, मान खाली घालते आणि एकदम वर करते. चरण्याचे सोंग घेऊन समोरच्याला हलायला लावण्याची ती युक्ती असते. संशय वाढला की ती पुढचा खूर आपटते. शेपटी उभारून पांढरा झेंडा दाखवत ती निघाली की त्या दिशेने सगळी हरणे सावध होतात.

गोळी झाडायची ती हरीण आडवे उभे असताना, पुढच्या पायाच्या किंचित मागे, जिथे हृदय आणि फुप्फुसे असतात. तिथे लागली तर जनावर काही सेकंदांत कोसळते. लेखकाने मारलेली पहिली हरणी साठ-सत्तर पावलांवर पडली, आणि त्या साठ-सत्तर पावलांचा काळ लांब वाटला. गोळी झाडल्यावर लगेच उतरून धावू नये. अर्धा तास बसून राहावे. नंतर रक्ताचा माग काढताना रंग पाहावा: फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसाचे, गडद रक्त यकृताचे, हिरवट आणि दुर्गंधी असेल तर गोळी आतड्यात गेली. अशा जखमी जनावराला कित्येक तास एकटे सोडावे लागते, नाहीतर ते दूर पळते आणि सापडत नाही. जखमी हरीण शोधल्याशिवाय घरी जाणाऱ्याला त्या शेतावर पुन्हा बोलावत नाहीत. हे योग्यच आहे.

त्यानंतरचे काम हाताने करायचे असते. पोट सांभाळून चिरणे, आतडी न फोडता कोथळा बाहेर काढणे, धड लवकर थंड करणे. मांस चांगले राहते ते यामुळेच. गरम रक्तात मनगटापर्यंत हात घातल्यावर हा प्राणी थोड्या वेळापूर्वी जिवंत होता हे विसरता येत नाही, आणि विसरूही नये. रानात टाकलेल्या कोथळ्यावर कावळे, कोयोटी आणि पांढऱ्या डोक्याचे गरुड येतात. शिशाच्या गोळीचे बारीक कण त्यात राहिले तर गरुडांना विषबाधा होते, म्हणून तांब्याच्या गोळ्या वापराव्यात. त्या महाग पडतात, पण हंगामात लागतात किती?

मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत फोनवर किंवा संगणकावर करावी लागते. नोंदीखेरीज आणखी एक पायरी आहे, आणि ती टाळू नये. हरणांना होणारा मेंदूचा एक सांसर्गिक, प्राणघातक रोग २००२मध्ये राज्याच्या याच भागात प्रथम आढळला. तो जिवाणू-विषाणूंमुळे होत नाही. प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होतो, आणि ते प्रथिन मातीतही वर्षानुवर्षे टिकते. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित हरणाचे मांस खाऊ नये, असा आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. खात्याच्या केंद्रावर मानेतल्या लसिका-ग्रंथींचा नमुना विनामूल्य तपासून मिळतो. निकाल येईपर्यंत मांस गोठवून वेगळे ठेवावे, आणि दोन हरणांचे मांस एकत्र दळू नये. बाधित जिल्ह्यांत हरणांना खाद्य टाकण्यावरही बंदी आहे, कारण एकाच ढिगावर तोंड घालणारी हरणे रोग पसरवतात. अंगणात मका टाकून हरणे बोलावण्याची हौस शिकार न करणाऱ्यांनाच अधिक असते. त्यांनीही ती सोडली पाहिजे.

मॅडिसन आणि मिलवॉकीच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी फार थोडी शिकारीला जातील, पण शरदात डोंगरवाटांवर फिरायला पुष्कळजण जातात. नोव्हेंबरच्या त्या नऊ दिवसांत रानात पाऊल टाकण्याआधी तिथे शिकारीला परवानगी आहे का ते पाहा, मुलांना आणि कुत्र्यालाही नारिंगी जाकीट घाला, आणि खासगी जमिनीच्या कुंपणाआत मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नका.