पत्रा कुठे, कापड कुठे

हरिकेनच्या डाव्या पंखाच्या मुळाशी रंग झिजलेला दाखवायचा असला, की मी आधी मनातल्या मनात त्या विमानात चढून बघते. वैमानिक डाव्या बाजूनंच चढायचा. धडाखाली एक ओढून काढायची पायरी, वर हाताला धरायला खाच, मग पाऊल पंखावर आणि तिथून कॉकपिटमध्ये. त्या हातभर जागेवर बूट पडून पडून रंग जाणार. पंखाच्या टोकाकडे कोण कशाला चालत जाईल?

माझं मॉडेल १:४८ प्रमाणातलं आहे. पंखांचा खरा विस्तार १२.१९ मीटर, टेबलावर तो पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे मी एक मिलिमीटरचा टवका पाडला, तर खऱ्या विमानावर तो जवळजवळ पाच सेंटिमीटरचा होतो. हे गणित विसरलं, की विमान देवी आल्यासारखं दिसतं. म्हणून टवके बारीक पाडायला भांडी घासायच्या स्पंजचा वाटाण्याएवढा तुकडा चिमट्यात धरायचा, राखाडीत जरा चंदेरी मिसळून त्यात बुडवायचा आणि कागदावर टिपत राहायचं. कागदावर डाग उमटेनासा झाला, की मग विमानाला लावायचा.

पहिल्या हरिकेनवर असे टवके मी नाकापासून शेपटीपर्यंत पाडले होते. फार आनंद झाला होता. आमच्या इमारतीत हवाई दलातून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका राहायचे, त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी मॉडेल खिडकीच्या उजेडात धरलं आणि कॉकपिटच्या मागे नख टेकवून विचारलं, "अगं, इथे कापड असतं ना? मग कापडातून पत्रा कुठून आला?"

खरंच होतं. हरिकेनच्या नाकावर पत्रा. पण कॉकपिटच्या मागे धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यांवर ताणून डोप नावाचं लुकण फासलेलं कापड. सुकाणूही कापडाचंच. कापड विटतं, त्यावर तेलाचे ओघळ येतात, फाटलं तर ठिगळ लागतं. त्यातून चंदेरी पत्रा डोकावत नाही. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक हरिकेन आहे. पुढे तिथे गेले तेव्हा नाकापेक्षा जास्त वेळ मी त्या मागच्या धडापाशीच उभी होते, कापडाखालून उठलेल्या पट्ट्यांच्या लांब रेघा बघत.

आता हातात आहे ते विमान १९४४ सालच्या इंफाळचं, भारतीय हवाई दलाच्या एक नंबर स्क्वाड्रनचं. अर्जन सिंग तेव्हा तिचे प्रमुख होते. मार्चअखेरीस जपान्यांनी कोहिमाचा रस्ता तोडला, तो मोकळा झाला २२ जूनला. मधले जवळजवळ तीन महिने रसद आली ती विमानानं. या वेढ्यात ही हरिकेन टेहळणीला जात राहिली. पुस्तकांत नावं वैमानिकांची येतात. पंखावरची झीज मात्र पुष्कळशी विमानाची देखभाल करणाऱ्या फिटर-रिगर मंडळींच्या बुटांची असते, आणि म्हणूनच ती नीट जागेवर पडावी असं मला फार वाटतं.

त्या आघाडीवर विमानांवरच्या ओळखचिन्हाच्या वर्तुळातला लाल ठिपका काढून टाकलेला होता. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. गफलतीनं आपल्याच विमानावर गोळ्या सुटू नयेत म्हणून गडद निळ्यात फिकट निळा. मॉडेलच्या खोक्यातल्या डिकल्समध्ये, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांमध्ये, लाल होताच, वेगळा संच मिळवावा लागला. डिकल लावण्याआधी चकचकीत वार्निशचा हात हवाच. खरखरीत रंगावर ते लावलं, की खाली हवा अडकते आणि कडेला पांढुरकी झाक येते, ती मग सहजी जात नाही.

काल रात्री मागच्या धडासाठी एक ठिगळ केलं. डिकलचा कोरा कागद, त्यावर बाकीच्या विटलेल्या हिरव्यापेक्षा जरासा ताजा हिरवा, आणि ब्लेडनं कापलेला दोन मिलिमीटरचा चौकोन. खऱ्या विमानावर तो तळहाताएवढा भरेल. कोमट पाण्यात सोडला, चिमट्यानं सरकवत दोन पट्ट्यांच्या मधोमध बसवला आणि कडा ओल्या कुंचल्यानं दाबल्या. एक कोपरा जरा उचललेला वाटला, तो पुन्हा दाबला.