दमडीवाला कोण?

२०२०च्या एप्रिलमध्ये अम्मीला गोष्ट हवी होती. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन लॉकडाऊनमुळे लांबलं होतं, उर्दू अक्षरं दिसेनाशी झाली होती. अब्बांच्या ट्रंकेत इब्ने सफींची पुस्तकं खच्चून भरलेली, पण ती मला वाचून दाखवता येईनात. माझी उर्दू लहानपणच्या कायद्यावरच थांबलेली. माझी शाळा मराठी आणि पुढे नोकरीही मराठी शिकवण्याची. म्हणून मी तिला म्हटलं, इम्रानलाच आपण नगरला आणू. मी मराठीत लिहिते, तुला वाचून दाखवते. रमजानच्या दुसऱ्या रोज्याला, २६ एप्रिलच्या रविवारी, पहिला भाग झाला.

दुसऱ्याचं पात्र उचलून आपली गोष्ट रचायची याला हल्ली फॅन फिक्शन म्हणतात. उर्दूत हा उद्योग जुना आहे. १९६० ते १९६३ या काळात इब्ने सफी आजारी होते, लिहीत नव्हते. तेव्हा त्यांचा इम्रान घेऊन कितीतरी जणांनी कादंबऱ्या छापल्या. काहींनी तर स्वतःच्या नावातच 'सफी' घुसवलं. अब्बांच्या ट्रंकेत असल्याही दोन-तीन होत्या आणि त्यांच्या पहिल्या पानावर अब्बांनी पेन्सिलीनं 'नकली' असं लिहून ठेवलं होतं. तेवढा शब्द मला वाचता येतो.

तर दर रविवारी रात्री एक भाग. अम्मीला वाचून झाला की तोच व्हॉट्सअॅपवर जुने विद्यार्थी, शाळेतले सहकारी आणि नातेवाईक अशा साठेक जणांना. घरात कोंडलेली माणसं काहीही वाचत होती, त्यात माझंही वाचलं.

गुन्हेगाराचं नाव ठेवलं दमडीवाला. आमच्या भुईकोट किल्ल्याजवळ दमडी मशीद आहे, सोळाव्या शतकातली. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी रोजच्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ती उभी राहिली, असं सांगतात. माझा दमडीवाला जुने कागद चोरायचा. सनदा, इनामपत्रं, मशिदीच्या जमिनीचे तसे देवळाच्या जमिनीचेही. कागदाच्या जागी एक दमडी ठेवून जायचा. त्याला कुणी पाहिलेलं नाही. इम्रान त्याच्या मागावर कापड बाजारातून भिंगारला, भिंगारहून चांदबीबीच्या महालावर. (तो महाल चांदबीबीचा नाही, सलाबतखानाची कबर आहे. पण नगरात हे सांगत बसलं तर गोष्ट पुढे सरकत नाही.)

संशयित तीन. कापड बाजारातले एक शेठ. रात्री झोप येत नाही म्हणून गल्लीबोळ फिरणारे हाफिजसाब. आणि रेकॉर्ड रूममधले अव्वल कारकून मोहिते, भला माणूस, बारा महिने हातात छत्री. खरा दमडीवाला मोहिते, हे मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं. कागद त्या मिटलेल्या छत्रीत गुंडाळून बाहेर जायचे. तिसऱ्या भागात अवकाळी पाऊस येतो, सगळे आडोशाला पळतात, मोहिते भिजत घरी जातात. एवढंच एक वाक्य पेरलं आणि स्वतःवरच खूश झाले.

वाचकांचे अंदाज पाचव्या-सहाव्या भागापासून सुरू झाले. सुरुवातीला मजा होती. मग माझ्या लक्षात आलं की लोक खुणा शोधत नाहीयेत, नावं वाचतायत. एका जुन्या विद्यार्थ्यानं लिहिलं, "हाफिजच असणार मॅडम, उघड आहे." उघड काय आहे ते त्यानं लिहिलं नाही. भिंगारहून मामेबहिणीचा फोन आला, "मस्जिद के आदमी को कायकू डाली उसमें? पहलेच कम है क्या?" शाळेतल्या एक बाई, अगदी जवळच्या, हसत म्हणाल्या, "मोहित्यांना नका हं अडकवू. तुम्ही लिहिताय म्हणून म्हणते."

तुम्ही लिहिताय म्हणून. ते दिवस आठवा. दिल्लीच्या मरकजनंतर तबलिगी हा शब्द शिवीसारखा झाला होता. नगर जिल्ह्यात मशिदींत उतरलेल्या परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले होते. आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं येणारा भाजीवाला यायचा थांबला होता. अशा हवेत मुसलमान बाईनं मोहित्यांना चोर ठरवायचं? आणि हाफिजसाबांना ठरवलं, तर बघा, त्यांचीच बाई म्हणतेय.

इब्ने सफींना ही अडचण नव्हती. त्यांनी आपल्या देशाला नाव दिलं नाही, शहराला दिलं नाही. त्यांचे नावाजलेले खलनायक म्हणजे सिंग ही आणि थ्रेसिया. यांचं सासर-माहेर कुणी विचारणार नाही. मराठीत आडनाव उच्चारलं की गाव, जात, धर्म सगळं एका दमात बाहेर पडतं. गूढ माणसाचा बुरखा उतरवायचा आणि खाली आडनावच नाही, असं आपल्या भाषेत करताच येत नाही. निदान मला आलं नाही.

मग मी पळवाट काढली. एकविसाव्या भागात हॅम्बुर्गहून जुन्या वस्तूंचा एक दलाल नगरात आणला आणि बाविसाव्यात, २० सप्टेंबरला, महालाच्या तळघरात इम्राननं त्याच्या हातात बेड्या घातल्या. छत्रीचा पुन्हा उल्लेख नाही. मोहिते निर्दोष, हाफिजसाब निर्दोष, शेठही निर्दोष. कुणाला लागायला नको.

चौदा जणांनी उत्तर दिलं. बहुतेकांनी अंगठा दाखवला. भिंगारच्या बहिणीनं शुक्र मानला. एका विद्यार्थिनीनं तीनच शब्द लिहिले, "हा कुठून आला?" मी तिला लांबलचक उत्तर पाठवलं. मोरिआर्टीसुद्धा १८९३ साली होम्सच्या ज्या गोष्टीत पहिल्यांदा आला त्याच गोष्टीत त्याला घेऊन धबधब्यात गेला, वगैरे. तिचं काही समाधान झालं नाही, आणि बरोबरच होतं. लोकांनी मोरिआर्टीची पाच महिने वाट पाहिली नव्हती.

मग एका माजी विद्यार्थ्याचा निरोप आला. तो आता वकिली करतो. "मॅडम, या जर्मन माणसाविरुद्ध पुरावा काय? पहिले वीस भाग तो नगरात होता याचासुद्धा दाखला नाही. फक्त बाहेरचा आहे एवढाच गुन्हा. मागच्या महिन्यात तुम्हीच आम्हाला एक निकाल पाठवला होतात."

पाठवला होता. २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं नगर जिल्ह्यातल्या त्या प्रकरणांतले २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले होते. साथ किंवा संकट आलं की सरकार बळीचा बकरा शोधू पाहतं आणि इथे या परदेशी लोकांना निवडलं गेल्याची शक्यता दिसते, असं न्यायालयानं म्हटलं होतं. मी तो निकाल याच साठ जणांना पाठवला होता, वर "जरूर वाचा" असं लिहून. आणि महिन्याभरात मीच एका पाहुण्याला धरून आणलं होतं, का, तर घरातल्या कुणाचं नाव घ्यायची हिंमत नव्हती म्हणून.

अम्मी त्या रविवारी काही बोलली नाही. एरवी भाग संपला की ती इम्रानला चार शिव्या घालायची, म्हणजे आवडला. सकाळी चहा घेताना म्हणाली, "मोहिते कू कायकू छोड दी?"

"तुला कसं कळलं मोहिते?"

"तीसरे हप्ते में बारिश में भीगा ना वो. छत्री नै खोला."

मी तिला सगळं समजावलं. लोक काय म्हणतील, दिवस कसे आहेत, शाळेतल्या बाई काय म्हणाल्या. तिनं ऐकून घेतलं. मग बशी खाली ठेवून म्हणाली, "वो छत्री मैं पांच महिने संभाल के रखी. तू एकदम से मेरे हाथ से ले ली."

तीन महिने गल्लीबाहेर न पडलेल्या, डोळ्यांपुढे धुकं असलेल्या बाईनं एक मिटलेली छत्री सांभाळली होती. तिला मोहित्यांचा धर्म माहीत नव्हता असं नाही. तिला तो लागत नव्हता. तिला छत्री हवी होती.

शेवटचे दोन भाग मी पुन्हा लिहिले. दोन आठवडे लागले, कारण आता मोहित्यांनी हे का केलं तेही सांगणं भाग होतं. देवळाचे आणि मशिदीचे कागद तो एकाच बिल्डरला विकत होता, मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं, आणि दमडी ठेवायची कल्पना त्याला फार आवडली होती. आयुष्यात एवढीच एक गंमत त्यानं केली होती. ४ ऑक्टोबरला पाठवलं. सोबत एक ओळ: आधीचा शेवट खोटा होता, माफ करा.

एकानं काही न बोलता गट सोडला. शाळेतल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी घाबरतच उचलला. त्या म्हणाल्या, "अहो, मला वाईट वाटलं हो त्याचं. आमच्या कचेरीतल्या मामांसारखाच वाटला." वकिलानं लिहिलं, आता आरोपपत्र टिकेल. ज्यानं 'उघड आहे' लिहिलं होतं त्यानं काहीच लिहिलं नाही, पण तिसरा भाग पुन्हा पाठवा म्हणून मागितला.

जानेवारीत अम्मीचं ऑपरेशन झालं. मी बावीस भाग छापून आणले, शिवून घेतले आणि तिच्या हातात दिले. मराठी तिला वाचता येत नाही, तरी तिनं पानं उलटली, अब्बांच्या ट्रंकेत ठेवायचं म्हणाली. ठेवण्याआधी पेन्सिल मागितली आणि पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, उर्दूत एक शब्द लिहिला. तेवढा मला वाचता येतो.