काकांच्या ताटातलं वरण

पुणे
रविवार

प्रिय मावशी,


काकांचे रिपोर्ट मिळाले, नीट पाहिले. जीएफआर ३८, म्हणजे किडनीचा आजार तिसऱ्या टप्प्यात आहे. पोटॅशियम ४.६, ते मर्यादेत आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून तू डाळ, पालेभाजी, फळं सगळं बंद केलंस आणि काका आता पांढरा भात, टोस्ट नि बिस्किटांवर आहेत, हे वाचून मात्र जीव कळवळला. असल्या पथ्याने माणूस खंगतो.

किडनीच्या रुग्णाला डाळ वर्ज्य, असं पूर्वी सर्रास सांगत. आता आहारशास्त्राचं मत बदललंय. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना तर मांसाहारापेक्षा वनस्पतिजन्य अन्न जास्त आणि कारखान्यात बनलेलं अन्न कमी खा, असंच सांगतात. काकांच्या टप्प्याला प्रथिनं वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे त्यांच्या साठ किलोला दिवसाची ४८ ग्रॅम पुरतात. दोन्ही वेळची वाटीभर वरण-आमटी, भाकरी-पोळी, थोडी उसळ नि दही यांत ती सहज मिळतात. रविवारचं मटण दोन फोडींवर आण.

डाळीतल्या फॉस्फरसची भीती तुला घातलीय. पण डाळी-धान्यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो, आपल्या आतड्याला तो पुरता सोडवता येत नाही. बिस्किटं, प्रोसेस्ड चीज, कोला यांत मिसळलेलं फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळं रक्तात उतरतं. पुडा उलटून बघ: ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ यांपैकी आकडा दिसला की ते फॉस्फेटच. म्हणजे पथ्य म्हणून तू जी बिस्किटं देतेस, तीच आधी बंद करायला हवीत.

भाज्या-फळांचा आणखी एक गुण आहे. किडनी थकली की रक्तातली आम्लता वाढते. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चौथ्या टप्प्यातल्या काही रुग्णांना वर्षभर जास्तीची फळं-भाज्या दिली, काहींना सोड्याचं औषध. आम्लता दोन्हीकडे कमी झाली. पोटॅशियम आटोक्यात असलेलेच रुग्ण त्यात घेतले होते आणि फळं खाऊनही त्यांचं पोटॅशियम वाढलं नाही. शिवाय चोथ्यामुळे पोट साफ राहतं, तेही या आजारात फार महत्त्वाचं.

तेव्हा दुधी, दोडका, पडवळ, कोबी, काकडी निर्धास्त कर. सफरचंद, पपई, अननसाच्या फोडी दे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. पापड, लोणचं, सुकी मासळी यांना रजा दे. सैंधव म्हणजेही मीठच. आणि ‘लो सोडियम’ मीठ घरात आणूच नकोस, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. करमळ (काही जण तिला कमरख म्हणतात) एक फोडसुद्धा नको, किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवर तिचा घातक परिणाम होतो.

काकांची एकादशी सुटायची नाही, हे मला ठाऊक आहे. पण बटाटा, दाणे, खजूर, केळं, वर शहाळं, असा एका दिवसात पोटॅशियमचा डोंगर होतो. त्याऐवजी वरीचा भात, काकडीची कोशिंबीर, थोडं दही दे.

काका टेल्मिसार्टन घेतात, त्यानेही पोटॅशियम वाढू शकतं. ते वाढलंच, तर डॉक्टरांना विचारून भाजी करायची रीत बदलायची. बटाटा सोलून पातळ चिरायचा, भरपूर पाण्यात उकळायचा नि ते पाणी ओतून द्यायचं. अख्खा कुकरला लावला तर पोटॅशियम आतच राहतं. डाळीचं पोटॅशियमही असंच शिजवलेल्या पाण्यात उतरतं, म्हणून तेव्हा पुरणपोळीबरोबरची कटाची आमटी काकांना वाढायची नाही. आत्ता यातलं काही करायची गरज नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव. हे पथ्य काकांच्या आजच्या रिपोर्टसाठी आहे, शेजारच्या डायलिसिसवरच्या गृहस्थांसाठी नाही. त्यांना प्रथिनं उलट जास्त लागतात. पथ्य रिपोर्टप्रमाणे बदलतं, म्हणून ऐकीव सल्ल्यावर ताटातला एकही पदार्थ काढू नकोस.

हे पत्र डॉक्टरांना दाखव, त्यांचा होकार घेऊन वरण-भाजी सुरू कर आणि पोटॅशियम परत कधी तपासायचं ते विचारून घे. रिपोर्ट आला की मला पाठव. तूही वेळेवर जेवत जा.

काकांना नमस्कार.

तुझी भाची